अर्धा नेकलेस आणि अठरा बाइट

नेकलेसचा वरचा भाग झळकत होता. पाचू, मोती, मीनाकाम, सगळं जागच्या जागी. मग पट्टीने मारावी तशी एक आडवी रेघ, आणि तिच्याखाली नुसता सपाट राखाडी रंग.

भाईसाहबांनी टॅबलेट माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "मॅडमजी, हा हार गिऱ्हाइकाने अर्ध्या गळ्यात घालायचा का?"

भाईसाहब म्हणजे आमचे क्लायंट. जयपूरच्या मालवीय नगरात त्यांचं तीन मजली ऑफिस आहे. जडाऊ दागिने बनवून परदेशी पाठवायचे, हा धंदा. तळमजल्यावर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायचं सामाईक कपाट. मधल्या मजल्यावर विक्रीवाले. सगळ्यात वर फोटो स्टुडिओ. दागिन्याचा फोटो वर निघतो, वरच साफसूफ होतो आणि वायरीतून खालच्या कपाटात येऊन पडतो. गेले दोन आठवडे बरेच फोटो पडतच नव्हते, आणि पडत होते त्यांतले काही असे कमरेपर्यंतच.

बोलणं सगळं हिंदीत चाललं होतं. मी इथे मराठीत लिहिते आहे. जिथे हिंदीशिवाय चव जाईल तिथे हिंदीच ठेवते.

भाईसाहबांनी मुद्दे मांडले. शुक्रवारी दुपारी चार वाजता परदेशी खरेदीदारांबरोबर व्हिडिओ मीटिंग. त्याआधी नव्या कलेक्शनचे सगळे फोटो कपाटात हवेत. नसतील तर एक तारखेपासून स्टुडिओचं काम बाहेरच्या एजन्सीकडे. एजन्सीचा माणूस काल येऊन खोली मोजून गेला. हे शेवटचं त्यांनी जरा वरच्या पट्टीत सांगितलं, कारण जिन्यात संतोषजी उभ्या होत्या.

संतोषजी म्हणजे बाई. राजस्थानात संतोष हे बायकांचंही नाव असतं. चार वर्षांपूर्वी या ऑफिसचं काम घेतलं तेव्हा मी यादीत 'संतोष, स्टुडिओ, त्याला विचारणे' असं लिहून ठेवलं होतं आणि दिवसभर एका पुरुषाला शोधत फिरले होते. अकरा वर्षं त्या स्टुडिओ सांभाळतात. स्टुडिओ बाहेर गेला की त्याही बाहेर, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

"हात चांगला होता हिचा," भाईसाहब म्हणाले. "आता लक्ष नाही. घाईत सेव्ह करते, अर्धं राहतं."

फोटो असा घाईने अर्धा सेव्ह होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, मग शुक्रवारपर्यंत कसा होतो ते दाखवा.

तो मंगळवार होता.

माझं काम नेटवर्कचं. तेवीस वर्षं करते आहे. नवऱ्याच्या बँकेने आम्हाला सोलापूरहून जयपूरला आणलं, पुढे त्यांच्या बदल्या होत राहिल्या आणि मी मुलीच्या शाळेसाठी मानसरोवरात राहिले ती राहिलेच. आता माझी छोटी कंपनी आहे. ऑफिसं, क्लासेस, दोन दवाखाने, यांचे संगणक आणि वायरी आम्ही सांभाळतो. मी यादीने काम करते. नवा संगणक लावायचा झाला तरी छापील यादी, लॅमिनेट केलेली, चौदा कलमांची. प्रत्येक कलम झालं की बरोबरची खूण, शेवटी सही. माझ्याकडे काम करणाऱ्यांना ही यादी पाठ असते. मागून ते तिला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यादीवर सगळ्यात जास्त विश्वास ओंकारचा. वडील विमा कंपनीत अधिकारी होते, घर विद्याधर नगरात, जन्म इथलाच. त्याची मराठी हिंदीच्या खांद्यावर हात ठेवून चालते. तिशी ओलांडलेला, हुशार इंजिनिअर. ऑफिसात मला मॅडम म्हणायचं अशी ताकीद दिलेली आहे. घाबरला की काकू म्हणतो. त्यामुळे मला वेगळं विचारावं लागत नाही.

वर गेलो. संतोषजींनी काही तक्रार केली नाही. त्यांनी एक वही पुढे केली. कोणती फाइल, किती मोठी, पोचली की नाही, असं दोन आठवड्यांचं टिपण. मला ही बाई त्याच क्षणी आवडली. टिपणावरून एक गोष्ट उघड होती. लहान फाइली बिनबोभाट जात होत्या. मोठे फोटो अडकत होते. आणि हे फक्त त्यांच्या संगणकावरून. विक्रीवाल्यांचं सगळं सुरळीत.

ओंकारने पिंग करून पाहिलं. पिंग म्हणजे हाक मारणं. संगणक सर्व्हरला विचारतो, आहेस का? सर्व्हर म्हणतो, ओ. हाकेला ओ येत होती, एकही चुकत नव्हती.

"मॅडम, वायर ओके आहे. मला वाटतं ड्रायव्हर आहे, मतलब पूरा ड्रायव्हरचाच इश्यू आहे."

ड्रायव्हर काय ते सांगते. संगणकात एक नेटवर्क कार्ड असतं, वायर तिथे लागते. त्या कार्डाने काय करायचं हे त्याला समजावणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाषी. दुभाषी चुकला तर दोन्हीकडची मंडळी शहाणी असूनही घोटाळा होतो. या संगणकाचा ड्रायव्हर दोन आठवड्यांपूर्वी आपोआप अपडेट झालेला दिसत होता. त्याच आठवड्यात व्होल्टेज वरखाली होऊन खालचा स्विचही जळाला होता. स्विच म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. ती ओंकारने बदलली होती, त्याचीही यादी होती, सही होती. म्हणून मी स्विचकडे बघितलंसुद्धा नाही. माझी सही असलेल्या गोष्टीवर मी संशय घेत नाही. हे वाक्य आता लिहिताना मला जरा जड जातंय.

ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. यादीतली कलमं एकेक केली. कलम तेरा, चाचणी. मी नुसत्या पिंगवर समाधान मानत नाही, चाचणीला खरी मोठी फाइल पाठवते. संतोषजींनी सगळ्यात जड फोटो दिला. तो सरळ खाली गेला. कलम चौदा ओंकारने केलं, मी सही केली, चहा घेतला, निघालो.

बुधवारी सकाळी मी स्कूटरवर असतानाच फोन वाजायला लागला. त्यांच्या ऑफिसचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात मीही आहे. भाईसाहबांनी त्यात एक अर्धं कंगन टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आज का आधा माल, संतोषजी के सौजन्य से'. विक्रीवाल्यांनी हसरे चेहरे टाकले होते. कुणीतरी विचारलं होतं, अर्ध्या किमतीत देणार का?

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी जुना ड्रायव्हर शोधून घातला. चाचणी उत्तम. कलम चौदा, सही. जिना उतरून खाली येतोय तोवर वरून हाक आली, अडकलं.

मग मी कार्डच बदलायचं ठरवलं. दुभाषी आणि मूळ बोलणारा, दोघांनाही हाकललं. नवं कार्ड, त्याचा नवा ड्रायव्हर. चाचणी उत्तम. कलम चौदा, सही. आम्ही गाडीपाशी पोचलो आणि ग्रुपमध्ये अर्धा झुमका आला.

एव्हाना विक्रीवाल्यांना मजा यायला लागली होती. माझं नेटवर्कवर वजन चांगलं आहे, असं एकाने लिहिलं. भाईसाहब म्हणाले, मॅडमजींचा फोटो फ्रेम करून स्टुडिओत टांगा, म्हणजे चालत राहील.

संतोषजी मात्र हसल्या नाहीत. गुरुवारी मी एकटी गेले, ओंकार दुसऱ्या क्लायंटकडे होता. त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "मैंने टाइम लिखा है, मॅडमजी. आप लोग बैठे रहते हैं तब तक चलता है. आप उठते हैं, बंद हो जाता है. तीनों बार."

तीनही वेळा. त्यांनी मिनिटं लिहिली होती.

मी विचार केला, उठण्याच्या आधी आम्ही शेवटचं काय करतो? सही करतो. सहीने नेटवर्क बंद पडत नाही. सहीच्या आधी? कलम चौदा.

कलम चौदा आहे पॅकेटच्या मापाचं. फाइल वायरीतून अखंड जात नाही. तिचे तुकडे होतात, एकेक तुकडा एकेका पॅकेटात जातो. नेहमीच्या पॅकेटात पंधराशे बाइट मावतात. जिथे मोठमोठ्या फाइली सारख्या हलवायच्या असतात तिथे जम्बो पॅकेट वापरतात, सुमारे नऊ हजारांचं. लोट्याऐवजी बादलीने हौद भरावा तसं. अट एवढीच, की वाटेतल्या प्रत्येकाच्या दारातून बादली आत गेली पाहिजे. नाही गेली तर ती गुपचूप टाकून दिली जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. या ऑफिसात जम्बो फक्त दोन ठिकाणी चालू होतं, सर्व्हरवर आणि संतोषजींच्या संगणकावर, कारण जड काम त्यांचंच. विक्रीवाले लोट्याने भरत होते आणि सुखी होते.

ड्रायव्हर नव्याने घातला की सगळं मूळपदावर जातं, म्हणजे लोटा. आम्ही लोट्याने चाचणी घेत होतो, ती पास होत होती, आणि मग कलम चौदाने बादली हातात देऊन निघून जात होतो. तीनदा. आळीपाळीने नाही, दोघांनी मिळून.

चाचणीनंतर आणखी एक कलम कसं आलं, असं कुणी विचारेल. चार वर्षांपूर्वी याच ऑफिससाठी जम्बो पहिल्यांदा वापरलं तेव्हा यादी छापून झाली होती. मी खाली पेनने एक ओळ वाढवली, 'जम्बो: ९०००', आणि वर लॅमिनेशन केलं.

मी ड्रायव्हरची सेटिंग उघडली. तिथे ९०१४ होतं.

इथे मी जी चूक केली ती नेटवर्कची नव्हती. मी मोठ्याने बोलले. "यादीत नऊ हजार आहे. इथे नऊ हजार चौदा कुणी केलं?"

भाईसाहब माझ्या मागेच उभे होते. ते कधी आले मला कळलं नव्हतं.

"मतलब किसी ने छेड़ा है," ते म्हणाले. "आणि या खुर्चीवर बसतं कोण?"

"मैंने हाथ नहीं लगाया," संतोषजी म्हणाल्या.

मी घाईने जम्बो बंद केलं, मोठा फोटो पाठवला, तो गेला. भाईसाहबांसाठी तो पुरावाच ठरला. सेटिंग बदललेली होती, मॅडमनी काढली, गाडी चालायला लागली. मी स्पीकर लावून ओंकारला फोन केला.

"काकू," तो म्हणाला, आणि मला अर्धं उत्तर मिळालं. "काकू, ते मीच केलं. लिस्टमध्ये ९००० आहे, पण ड्रायव्हरमध्ये ९००० चा ऑप्शनच नाही. ४०८८ आहे नाहीतर ९०१४. तर जवळचा घेतला. चार साल से वही डालतो मी."

ड्रायव्हरमधले पर्याय उघडून बघितले, ९००० चा पर्याय खरंच नव्हता.

भाईसाहबांनी मान हलवली. तुमचा माणूस तुम्हाला सांभाळणारच, म्हणाले. आणि चार वर्षं हाच आकडा होता तर चार वर्षं चाललं कसं? त्यांनी आवाज चढवला नाही. फोटो पोचतील ते ठीक, पण ज्या हातावर भरवसा नाही तो हात ते ठेवणार नव्हते. उद्या चारपर्यंत त्यांना कारण हवं होतं, आणि त्यांना कळेल असं.

"नाहीतर मग मला जे कळलंय तेच खरं धरेन," ते म्हणाले.

जम्बो बंद ठेवून मी संतोषजींना फोटो पाठवायला सांगितलं. त्या संध्याकाळपर्यंत पाठवत राहिल्या, एकही अडकला नाही. पण त्यांनी टेबलाच्या खणातल्या स्वतःच्या वस्तू काढून एका पिशवीत भरलेल्या मी पाहिल्या. कंगवा, स्टीलचा डबा, चष्म्याचं घर. एजन्सीच्या माणसाने खोली मोजली होती ती माझ्या वाक्यामुळे नाही, पण ती पिशवी माझ्या वाक्यामुळे भरली होती.

शुक्रवारी सकाळी नऊला मी आणि ओंकार स्टुडिओत बसलो. या वेळी यादी बॅगेतच ठेवली.

जम्बो पुन्हा चालू केलं आणि माप घ्यायला लागलो. पिंगची हाक लहान-मोठी करता येते. एरवी ती असते जेमतेम बत्तीस बाइटांची, म्हणून ती कुठल्याही दारातून जाते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. आम्ही ती वाढवत नेली, आणि तुकडे करायचे नाहीत अशी सक्त अट घातली. आठ हजारांची गेली. साडेआठ हजारांची गेली. नऊ हजारांच्या पॅकेटात जास्तीत जास्त ८९७२ ची हाक मावायला हवी, बाकीचे अठ्ठावीस आतल्या कागदपत्रांचे. ८९७२ ला ओ आली नाही. ओंकार एकेक उतरत गेला. ८९५५, नाही. ८९५४, आली. पुन्हा केलं, तेच.

"अठरा कमी पडतायत," मी म्हटलं.

चौदा असते तर मला कळलं असतं. नऊ हजार आणि नऊ हजार चौदा, फरक चौदाचा. अठरा कुठून आले? ओंकारने बोटांवर मोजलं. मी कागदावर मोजलं. अठराच.

स्टुडिओत एका कोपऱ्यात मुन्नालालजी बसतात. सत्तरीचे, पांढरा शर्ट, डोळ्यावर भिंग. त्यांचं काम वजनाचं. दागिना तिजोरीतून स्टुडिओत आला की ते तोलतात, फोटो होऊन परत जाताना पुन्हा तोलतात. प्रत्येक दागिन्याला दोऱ्याने बांधलेलं इवलंसं टॅग असतं आणि त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात आकडे. तीन दिवस आमचा गोंधळ ते ऐकत होते. आता भिंग वर सरकवून त्यांनी विचारलं, काय कमी पडतंय, ग्रॅम?

बाइट, मी सांगितलं. नऊ हजारांत अठरा.

"मॅडमजी, आपका ये नौ हज़ार," ते म्हणाले, "ग्रॉस है कि नेट?"

ओंकार हसला. मी कागदावरच्या नऊ हजारांकडे पुन्हा बघितलं.

जडाऊ दागिन्याची एक गंमत आहे. तो नुसता सोन्याचा नसतो. खडे असतात, मोती असतात, आणि सोन्याच्या पत्र्याच्या आत लाख भरलेली असते. सगळ्यासकट वजन ते ग्रॉस, निव्वळ सोन्याचं ते नेट. या बाजारात नुसतं वजन असं काही नसतंच. मुन्नालालजींच्या प्रत्येक टॅगवर दोन आकडे होते. कारागिराकडून एकच आकडा लिहिलेलं टॅग आलं तर ते न तोलता परत पाठवतात, असं त्यांनी सांगितलं. माझी चार वर्षं जुनी, लॅमिनेट केलेली ओळ होती 'जम्बो: ९०००'. एक आकडा.

मग पाच मिनिटांत सगळं उलगडलं. सर्व्हरचे नऊ हजार नेट होते, फक्त आतला माल. ड्रायव्हरचे ९०१४ ग्रॉस होते, कारण प्रत्येक पॅकेटावर चौदा बाइटांची पत्त्याची चिठ्ठी लागते आणि हा ड्रायव्हर ती धरून मोजतो. म्हणजे ओंकारने निवडलेला आकडा अगदी बरोबर होता, आणि माझ्या नऊ हजारांशी तंतोतंत जुळत होता. पण स्विच अजून कडक. तो चिठ्ठीही धरतो, आणि पॅकेटाच्या शेवटी तपासणीसाठी जे चार बाइटांचं सील असतं तेही. चौदा आणि चार, अठरा.

"ओंकार, नव्या स्विचमध्ये तू काय टाकलंस?"

"काकू, लिस्टमध्ये जे होतं ते. नऊ हजार." तो थांबला. "जुन्या स्विचमध्ये टाकावंच लागलं नव्हतं. मतलब त्याचं फॅक्टरीतूनच मोठं होतं. नव्याने विचारलं, तर मी लिस्ट बघून टाकलं."

खाली जाऊन स्विचचं पान उघडलं. तिथे एक रकाना असतो, मापाबाहेरची म्हणून टाकून दिलेली पॅकेटं. आकडा एवढा मोठा होता की तो रकान्यात मावत नव्हता. दोन आठवडे तिथेच लिहिलेलं होतं, आम्ही मंगळवारी पाहिलं असतं तर मंगळवारीच कळलं असतं. मर्यादा ९२१६ केली. वर येऊन ८९७२ ची हाक दिली, ओ आली. सगळ्यात जड फोटो पाठवला, पूर्ण पोचला. सही केली नाही. खाली उतरले, गाडीपर्यंत गेले, पाच मिनिटं तिथे उभी राहिले, परत वर आले आणि आणखी दहा पाठवायला लावले. ते सगळे गेले.

अकरा वाजता मी भाईसाहबांच्या केबिनमध्ये गेले. कळेल असं कारण हवं होतं ना, ते घेऊन. अर्ध्या मिनिटात त्यांना कळलं. माझ्या क्लायंटांपैकी पॅकेटचं माप इतक्या लवकर कुणाला कळलेलं नाही.

"म्हणजे माल नेट लिहिला होता आणि दरवाज्यावरच्या माणसाने ग्रॉस तोलला."

"हो."

"म्हणून जो दागिना बरोबर भरला होता तोच अडवला."

"हो."

"टॅग किसने लिखा था?"

"मी," म्हटलं. "संतोषजींनी काही बदललं नव्हतं. ओंकारनेही नाही. काल मी मोठ्याने बोलले ते चुकीचं होतं."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली, जिन्याकडे जाऊन संतोषजींना हाक मारली. माफी मागणं हे त्यांच्या स्वभावात बसत नाही. त्यांनी संतोषजींसमोर एजन्सीच्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं, "कमरा ख़ाली नहीं है." एवढंच. फोन ठेवला.

मला वाटलं, झालं. संतोषजी जागच्या हलल्या नाहीत.

"ग्रुप में लिखिए, मॅडमजी," त्या म्हणाल्या. "आधा माल ग्रुप में आया था."

बरोबर होतं. मी तिथेच उभी राहून लिहिलं. 'दोन आठवडे फोटो अर्धे येत होते ते माझ्या यादीतल्या चुकीच्या आकड्यामुळे. स्टुडिओची काही चूक नव्हती. संतोषजींनी वेळा टिपून ठेवल्या म्हणून चूक सापडली, मुन्नालालजींनी विचारलं म्हणून कळली.' हिंदीत लिहिलं, खाली पूर्ण नाव लिहिलं. विक्रीवाल्यांना या वेळी टाकायला चेहरा सापडत नसावा. मग भाईसाहबांनी अंगठा टाकला. त्यांच्या मानाने ते बरंच झालं. संतोषजींनी वाचलं, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पिशवीतला डबा काढून पुन्हा खणात ठेवला.

चारची मीटिंग झाली. नेकलेस पूर्ण होते. पुढे काय विकलं गेलं मला माहीत नाही, तो माझा विषय नव्हे.

शनिवारी मी यादी नव्याने छापली. जम्बोच्या कलमात आता तीन आकडे आहेत, सर्व्हरचा, ड्रायव्हरचा, स्विचचा, आणि प्रत्येकापुढे तो काय काय धरून मोजलाय ते लिहिलंय. चाचणी सगळ्यात शेवटी गेली आहे. ओंकारने विचारलं, नंतर काही आठवलं तर शेवटी पेनने वाढवायचं का? मी सांगितलं, वाढव, पण चाचणीच्या वर.

यादीने काम करणाऱ्यांना यातून घ्यायचा धडा साधा आहे. यादी नसलेला माणूस एखादी गोष्ट विसरतो. यादी असलेला माणूस चुकीची गोष्ट कधीच विसरत नाही.